ठरल्या दिवशी टोकन : मुलांच्या पैशांच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

प्रकल्पाची आखणी आज पक्की झाली. एकूण बारा शनिवार आणि दोन गट आहेत: सकाळी ८ ते ११ वर्षांची मुले आणि दुपारी १३ ते १६ वर्षांची. बारा वर्षांच्या मुलांना कुठे बसवायचे यावर सहकारी शिक्षिकेशी बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी त्यांनी स्वतःच गट निवडावा असे ठरले, कारण या वयात हिशेबाची समज मुलागणिक फार वेगळी असते.

वर्ग कशासाठी घेत आहोत, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या ‘पिसा’ या चाचणीत १५ वर्षांच्या मुलांची आर्थिक साक्षरता २०१२ मध्ये प्रथम तपासली गेली, तेव्हा १८ देश व अर्थव्यवस्था तीत सहभागी होत्या. २०२२ च्या फेरीत २० सहभागी होत्या आणि त्यांतील सदस्य देशांत सरासरी १८ टक्के मुले किमान पातळीच्या खाली राहिली. ही पातळी काही फार उंच नाही. साध्या अंदाजपत्रकाचा उपयोग ओळखणे, रोजच्या व्यवहारातल्या कागदावरची ठळक माहिती वाचता येणे आणि एखाद्या भागाकाराने सुटेल असा पैशांचा प्रश्न सोडवणे, एवढीच तीत अपेक्षा असते. भागाकार चांगला येणारी मुलेही इथे अडतात, आणि माझ्या मते याचे कारण असे की स्वतःच्या म्हणता येतील अशा पैशांबद्दल निर्णय घेण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते.

म्हणून व्याख्याने कमी आणि व्यवहार जास्त, अशी वर्गाची रचना ठेवली आहे. खरे पैसे वर्गात आणायचे नाहीत. पुठ्ठ्याची टोकने कापून तयार केली असून प्रत्येक मुलाला दर शनिवारी २० टोकने मिळतील. भिंतीलगतच्या फळीवर पेन्सिली, खोडरबर, रंगीत कागद, खडूंची पेटी आणि एक चांगले भिंग मांडले आहे आणि प्रत्येक वस्तूला टोकनांतली किंमत लावली आहे. सर्वांत महाग भिंग ९० टोकनांचे आहे, म्हणजे कोणालाही एका शनिवारच्या टोकनांत ते मिळणार नाही. प्रत्येकाला एक वही आणि वहीत तीन रकाने: आले, गेले, उरले.

सहकारी शिक्षिकेने ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असा फलक लावू या म्हटले होते. मी नको म्हटले. ही म्हण मुलांना पाठ असते, निबंधात ती नेमकी येते, आणि पाठ असल्यामुळेच तिचा अर्थ तपासून पाहावासा त्यांना वाटत नाही.

७ जून

पहिला वर्ग. लहान गटाला विचारले की पैसे येतात कुठून. बहुतेकांनी ‘मशीनमधून’ असे सांगितले, काहींनी ‘फोनमधून’ आणि एका मुलीने ‘ऑफिसमधून’. त्या मुलीला पुढे विचारले की ऑफिस पैसे का देते, तर ती बराच वेळ विचार करून म्हणाली, ‘बाबा तिथे असतात म्हणून.’ उत्तर चुकीचे नाही, फक्त अर्धे आहे. घरातला व्यवहार कार्ड आणि फोन यांच्यावरून होऊ लागल्यापासून मुलांना पैसा देताना आणि घेताना दिसतच नाही. आधीच्या पिढीतली मुले मोठ्यांच्या हातातून नोट जाताना आणि सुटे परत येताना पाहत असत. कमी होणे डोळ्यांना दिसत असे. म्हणून टोकने पुठ्ठ्याचीच ठेवायची आणि निदान लहान गटासाठी तरी आकड्यांतली शिल्लक हे पहिले साधन करायचे नाही, हा निर्णय आज अधिक पटला.

मोठ्या गटाने टोकने पाहून थोडी नाराजी दाखवली. त्यांना ती बालिश वाटली. त्यांच्यासाठी पुढच्या वेळेपासून फक्त वहीतल्या नोंदी चालतील असे मान्य केले.

१४ जून

गरज आणि इच्छा यांचा धडा अपेक्षेपेक्षा लवकर संपला, कारण मुलांना अपेक्षित उत्तरे माहीत आहेत. पेन्सिल गरज, खडूंची पेटी इच्छा. मग मी विचारले की घरी तीन पेन्सिली असतील तर चौथी काय, आणि तेव्हा कुठे खरी चर्चा सुरू झाली. वस्तू गरजेची की इच्छेची हे वस्तूवर लिहिलेले नसते, ते आपल्याकडे आधी काय आहे यावर ठरते, हे दहा वर्षांच्या एका मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले.

२१ जून

आज ठेव सुरू केली. जो आज १० टोकने माझ्याकडे ठेवेल त्याला पुढच्या शनिवारी १२ मिळतील, असे लहान गटाला सांगितले. जवळजवळ सगळ्यांनी ठेव ठेवली. भिंगावर डोळा ठेवून असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने सगळीच्या सगळी शिल्लक, म्हणजे ४० टोकने, आणून दिली आणि मी नाव लिहून घेते आहे ना हे वाकून पाहिले.

आठवड्याला २० टक्के व्याज कोणीही देत नाही, हे मला माहीत आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला एक आठवडा हाच लांबचा काळ असतो आणि वर्षाला चार टक्के हा आकडा त्याच्या हातात काहीच ठेवत नाही. खरा दर काय असतो हे मोठ्या गटात सांगायचे आहे.

२८ जून

आज माझ्याकडून चूक झाली. नवी टोकने कापायची राहून गेली होती आणि डब्यात होती ती सर्वांना २० देण्यापुरतीच होती. त्यामुळे ठेवीची टोकने मी पुढच्या शनिवारी देईन, असे मुलांना सांगितले. मुलांनी ऐकून घेतले, कोणी तक्रार केली नाही. नऊ वर्षांच्या त्या मुलाने वही उघडली, काही लिहिले नाही, आणि बंद केली. त्या दिवसाची २० टोकने त्याने तिथल्या तिथे रंगीत कागदांवर खर्च केली. त्याला रंगीत कागद नको होते, हे मला माहीत आहे, कारण मागच्या आठवड्यात तो त्यांच्याकडे बघतही नव्हता.

५ जुलै

आज राहिलेली टोकने व्याजासह दिली आणि पुन्हा ठेव ठेवण्याबद्दल विचारले. लहान गटातल्या फक्त दोघांनी हात वर केला. त्या मुलाला मी वेगळे विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, माझी माझ्याकडेच राहू देत.’ त्याच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. त्याने मिळालेल्या माहितीवरून निर्णय घेतला होता आणि तो निर्णय मला चुकीचा म्हणता येत नाही.

घरी आल्यावर जुनी टिपणे काढून पुन्हा वाचली. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत जे प्रयोग सुरू केले, ते पालकांच्या बोलण्यात आजही येतात: समोरची मिठाई आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. जे मूल थांबते ते पुढे यशस्वी होते, असा त्याचा सरधोपट अर्थ घेतला जातो. पुढे २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी अधिक मोठ्या आणि विविध गटावर हा संबंध तपासला तेव्हा तो बराच क्षीण निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी कमी झाला. पण आज मला हवा होता तो तिसरा प्रयोग. रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात २८ लहान मुले होती. मिठाईची चाचणी घेण्याआधी मुलांना चित्रकलेचे साहित्य दिले होते आणि थोडे थांबलात तर याहून चांगले आणून देऊ, असे सांगितले होते. निम्म्या मुलांना ते खरोखरच आणून दिले आणि निम्म्यांना ‘माफ करा, ते नाहीच’ असे सांगितले. त्यानंतर मिठाईसमोर बसवल्यावर पहिली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली आणि दुसरी सुमारे ३ मिनिटे.

मुलांचा संयम तपासायचा असेल तर आधी मोठ्यांनी दिलेला शब्द पाळला का हे तपासावे लागते. हे वाचून मला माहीत होते आणि तरी मी २८ जूनला ‘पुढच्या शनिवारी’ असे सहज म्हणून गेले. आजपासून तीन बदल करत आहे. टोकने वर्ग सुरू होताच, हजेरीच्याही आधी द्यायची. ठेव घेतली की दोन प्रतींत पावती लिहायची, एक मुलाकडे आणि एक माझ्याकडे. आणि परत देण्याचा दिवस पावतीवर घालायचा, तो चुकला तर एक टोकन माझ्याकडून दंड.

१२ जुलै

पावतीचा परिणाम दिसतो आहे. लहान मुलांना कागद आवडतो, त्यावर सही करणे तर फारच आवडते. भिंगवाल्या मुलाने पाच टोकने ठेवली. फक्त पाच. विश्वास परत येतो तो असा, आधी थोडा अंदाज घेत.

बेल्जियममधील गेंट येथे फ्रांस्वा लोराँ या कायद्याच्या प्राध्यापकांनी १८६६ मध्ये शाळांमधून मुलांची बारीकसारीक बचत जमा करण्याचा उपक्रम सुरू केला होता. पैसे शिक्षकाकडे द्यायचे म्हणजे मुलाच्या दृष्टीने शिक्षक हाच संस्थेचा चेहरा असतो, ही गोष्ट पाच टोकनांच्या पावतीवर सही करताना मला नीट कळली.

तीन डबे (खर्च, बचत, देणे) या सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या पद्धतीचाही आज प्रयोग केला. लहान गटात ती चांगली चालते. डब्यावर नाव लिहिले की त्यातले टोकन दुसऱ्या कामाला वापरताना हात थोडा थांबतो. माणूस पैशांना मनातल्या मनात वेगवेगळ्या खात्यांत घालतो आणि एका खात्यातले दुसऱ्यात सहज टाकत नाही, असे रिचर्ड थेलर यांनी दाखवले आहे. त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मोठ्या गटाला मात्र डब्यांचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी वस्तूचे नाव, लागणारी रक्कम आणि तारीख असे तीन शब्दांचे उद्दिष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगितले आणि ते अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

१३ जुलै

पालकांची बैठक. दोन तास ठरले होते, तीन तास चालली.

मी आधी त्यांना २८ जूनची माझी चूक सांगितली आणि मग विचारले की घरी खाऊचे पैसे कोणत्या दिवशी दिले जातात. ठरलेला दिवस सांगणारे फार थोडे होते. बहुतेक घरांत मूल मागते तेव्हा आणि मोठ्यांचा मूड असेल त्याप्रमाणे पैसे मिळतात. अशा घरात मूल व्यवहारातली एकच कला शिकते, ती म्हणजे योग्य वेळ पाहून मागणे. पुढच्या आठवड्यात किती येणार हे ज्याला ठाऊक नाही त्याने नियोजन कशाचे करायचे? रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली हवी आणि ठरल्या दिवशी मिळायला हवी, यावर मी आग्रह धरला. लहान मुलांना आठवड्याने आणि १४ वर्षांपुढच्यांना महिन्याने द्यावी, म्हणजे महिना पुरवण्याचा सराव घरात असतानाच होतो.

नंतर मोठ्या गटातल्या एका मुलीच्या आईने हात वर केला. मुलीने दोन वर्षे गल्ल्यात साठवलेले पैसे घरातल्या अडचणीच्या वेळी काढले गेले. मुलीला सांगितले नव्हते. ते परत ठेवू असे ठरले होते, पण राहून गेले, आणि तेव्हापासून मुलगी हातात आलेला पैसा त्याच दिवशी संपवते. ‘मी तिला उधळी म्हणत होते,’ त्या म्हणाल्या. बाकीचे पालक शांत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून असे वाटले की हे फक्त एका घरात घडलेले नाही. त्या बाईंना मी एवढेच सुचवले की अडचणीच्या वेळी मुलाच्या बचतीला हात लावावा लागला तर त्यात लाज नाही, पण मुलाला आधी विचारावे, रक्कम लिहून द्यावी, परत देण्याची तारीख घालावी आणि ती पाळावी. घरातली अडचण मुलांपासून लपवल्याने मुले सुखी राहतात असे मला वाटत नाही. त्यांना आकडा कळत नसला तरी ताण कळतो.

घरकामाचे पैसे द्यावेत का, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. माझे मत असे आहे की स्वतःचे अंथरूण काढणे, ताट उचलणे या घरात राहण्याच्या गोष्टी आहेत आणि त्यांना किंमत लावू नये. एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतले असते असे एखादे जास्तीचे काम मुलाने केले, तर मोबदला द्यायला हरकत नाही. यावर सर्वांचे एकमत झाले नाही आणि तशी गरजही नव्हती.

शेवटचा मुद्दा सर्वांत कठीण गेला. पैसे संपल्यावर पुढच्या आठवड्याचे आगाऊ देऊ नयेत. मुलाला रिकाम्या हाताने पाच दिवस काढताना पाहणे पालकांना जड जाते, हे मी समजू शकते. पण ही चूक आत्ता, एवढ्या लहान रकमेवर होणे हेच सर्वांत स्वस्त आहे.

१९ जुलै

मोठ्या गटात कर्जाचा पाठ. संपूर्ण प्रकल्पात ज्याची मी सर्वांत जास्त तयारी केली होती तो हा वर्ग आणि तो मुलांनी माझ्या हातातून काढून घेतला.

फळ्यावर गणित मांडले: १००० टोकनांची उधारी, महिन्याला ३ टक्के व्याज, आणि दर महिन्याला देय रकमेच्या किमान ५ टक्के भरायचे. वर्षाला किती व्याज झाले असे विचारल्यावर सर्वांनी ३६ टक्के म्हटले. मग एकाने कॅल्क्युलेटरवर १.०३ बारा वेळा गुणले आणि वर्षाचा दर ४२.६ टक्क्यांच्या जवळ जातो हे सर्वांना दाखवले. चक्रवाढ हा शब्द त्यांनी गणिताच्या पुस्तकात पाहिला होता, पण तो आपल्याविरुद्धही चालतो, हे पुस्तकातल्या उदाहरणांत सहसा दिसत नाही.

त्यानंतर प्रत्येकाने वहीत एकेक महिना लिहायला घेतला. पहिल्या महिन्यात ३० व्याज लागून देय १०३० झाले, त्याचे ५ टक्के म्हणजे ५१.५० भरले, उरले ९७८.५०. दुसऱ्या महिन्यात देय १००७.८६, भरले ५०.३९, उरले ९५७.४६. चौथ्या-पाचव्या ओळीला कंटाळा सुरू झाला आणि मी मुद्दाम थांबवले नाही, कारण हा कंटाळाच मला त्यांना द्यायचा होता. बाराव्या महिन्याला सुमारे ५५० टोकने भरून झाली होती आणि कर्ज ७७० वर उभे होते. बत्तिसाव्या महिन्याला एकूण सुमारे १२०० भरून झाली आणि तरी ४९९ देणे बाकी होते. एका मुलाने आधीच्या ओळी दोनदा तपासल्या, कारण घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त भरूनही निम्मे कर्ज शिल्लक राहते हे त्याला बेरजेतली चूक वाटत होते.

तेवढ्यात ती गल्ल्याची मुलगी म्हणाली, ‘पण ताई, हप्ता दर महिन्याला कमी का होऊ द्यायचा? पहिल्या महिन्यात साडेएक्कावन्न भरता आले ना, मग तेवढेच भरत राहू.’ माझ्या आखणीत हा प्रश्न पुढच्या आठवड्यासाठी होता. तो तिने आजच विचारला. सगळ्यांनी पुन्हा पान उलटले. हप्ता ५१.५० वर कायम ठेवला की बाराव्या महिन्याला कर्ज ६९५ वर येते आणि तिसाव्या महिन्यात ते संपते, शेवटचा हप्ता तर साडेअठ्ठावीसच्या आसपासच भरावा लागतो. एकूण भरले सुमारे १५२२. पहिल्या महिन्याचा हप्ता दोन्हीकडे एकच आहे. फरक एवढाच की एकीकडे कागदावर छापलेला ‘किमान’ हा शब्द सल्ला म्हणून वाचला जातो आणि दुसरीकडे तो फक्त खालची मर्यादा म्हणून वाचला जातो.

वर्ग सुटल्यावरही ती मुलगी बसून होती. हप्ता ७५ केला तर काय होते हे तिला पाहायचे होते.

२६ जुलै

मोबाइलवरच्या खेळांतली खरेदी. खेळाचे स्वतःचे चलन असते, रत्ने किंवा नाणी, आणि खऱ्या पैशांनी ते आधी विकत घ्यावे लागते. मुलांनीच मला समजावून दिले की रत्ने ५०० च्या गठ्ठ्यात मिळतात आणि तलवार ६५० ची असते. म्हणजे दोन गठ्ठे घ्यावे लागतात आणि ३५० उरतात, ती वाया जाऊ नयेत म्हणून तिसरा गठ्ठा घेतला जातो. हे सांगणाऱ्या मुलाला बोलता बोलता स्वतःलाच ते उमजत गेले.

मधे एक चलन घातले की किंमत नजरेआड होते, याकडे मी त्यांचे लक्ष वेधले आणि प्रत्येक खरेदीपूर्वी ती किती आठवड्यांच्या खाऊच्या पैशांइतकी आहे हे लिहायचा नियम केला. दोष केवळ मुलांच्या मोहाचा नसतो, हेही सांगितले. पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय मुलांनी ॲपमध्ये केलेल्या खरेदीच्या प्रकरणात ॲपलने २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी तडजोड करून किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत देण्याचे मान्य केले होते. व्यवस्था कशी रचली आहे हे पाहण्याची सवय मुलांना लागली तर ‘मी मूर्ख ठरलो’ या भावनेने गप्प बसण्याऐवजी ती घरी येऊन सांगतात.

२ ऑगस्ट

महागाई आणि ७२ चा नियम. दराने ७२ ला भागले की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतात ते कळते. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांच्या १४९४ च्या गणिताच्या ग्रंथातही हा नियम आहे. किमती वर्षाला ६ टक्क्यांनी वाढल्या तर १२ वर्षांत दुप्पट, म्हणजे आज १०० टोकनांची वस्तू २०१ ची. तेवढ्याच काळात ४ टक्के व्याजाने ठेवलेली १०० टोकने १६० होतात. आकडा वाढला आणि वस्तू हातातून गेली. दोघा-तिघांना हे पटकन समजले, बाकीच्यांसाठी पुढच्या वेळी फळीवरच्या किमती प्रत्यक्ष वाढवून दाखवणार आहे.

९ ऑगस्ट

फळीवरच्या किमती दहा टक्क्यांनी वाढवल्या आणि लहान गटात मोठा गहजब झाला. भिंग ९० वरून ९९ वर गेले. भिंगवाल्या मुलाने हिशेब करून सांगितले की त्याची ठेव या वाढीपेक्षा वेगाने वाढते आहे, त्यामुळे तो थांबणार आहे.

दुपारी फसवणुकीचा विषय थोडक्यात घेतला. पैसे स्वीकारण्यासाठी स्वतःचा गुप्त पिन द्यावा लागत नाही, घाई करायला लावणाऱ्या संदेशाला उत्तर देण्याआधी एका मोठ्या माणसाला दाखवायचे, आणि फसवले गेलो तर त्याच दिवशी सांगायचे. तिसरा नियम मी तीनदा सांगितला. ओरडा बसेल या भीतीने मुले उशिरा सांगतात आणि त्या उशिरातच पैसे परत मिळण्याची शक्यता संपते.

१६ ऑगस्ट

शेवटची चाचणी घेतली. पहिल्या दिवसाच्या तुलनेत उत्तरे पुष्कळच सुधारली आहेत. त्यावर मी फार विसंबून राहणार नाही. डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटेमायर यांनी २०१४ मध्ये २०१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा माणसामाणसांच्या आर्थिक वर्तनात जो फरक दिसतो त्यातल्या केवळ ०.१ टक्के भागाचा उलगडा आर्थिक साक्षरतेच्या उपक्रमांवरून होतो असे आढळले, आणि शिकलेले काळाबरोबर विरत जाते असेही. ज्या वेळी निर्णय घ्यायचा त्याच वेळी शिकवावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२२ मध्ये टिम कायझर, ॲनामारिया लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी ७६ यादृच्छिक प्रयोगांचा (म्हणजे कोणाला शिकवायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या प्रयोगांचा) आढावा घेतला, त्यात ज्ञान आणि वर्तन या दोन्हींवर सरासरी परिणाम चांगला दिसला. दोन्ही वाचल्यावर काम सोडावेसे वाटत नाही, पण नीट करावेसे वाटते.

ब्राझीलचा अनुभव मला अधिक विचारात पाडतो. तिथे ८९२ माध्यमिक शाळांमधल्या सुमारे २५,००० विद्यार्थ्यांना घेऊन मोठा प्रयोग झाला. मुलांचे ज्ञान वाढले, बचत वाढली, पण महागडे कर्ज घेऊन वस्तू खरेदी करणाऱ्या मुलांचे प्रमाणही वाढले. कर्जाची ओळख करून दिली की काहींना ते आपल्यासाठीच आहे असे वाटू लागते. म्हणूनच १९ जुलैला बत्तीस ओळी हाताने लिहून घेतल्या याचे मला समाधान आहे. पुढच्या वेळी तो पाठ दोन शनिवारांचा करायचा.

चाचणीऐवजी मी वह्या पाहणार आहे. सहा महिन्यांनी दोन्ही गटांना पुन्हा बोलावायचे आणि वही चालू आहे का, घरी ठरल्या दिवशी पैसे मिळतात का, एवढेच विचारायचे, असे सहकारी शिक्षिकेशी बोलून ठरवले.

२३ ऑगस्ट

शेवटचा शनिवार. आज सर्व ठेवी परत करायच्या होत्या, म्हणून वर्ग अर्धा तास आधी उघडला आणि टोकने मोजून नावाच्या पाकिटांत घालून ठेवली.

गल्ल्याच्या मुलीने मला एक कागद दाखवला. आईच्या अक्षरात रक्कम, खाली चार तारखा, आणि पहिल्या दोन तारखांपुढे बरोबरची खूण. तिने तो घडी करून पुन्हा वहीत ठेवला.

भिंगवाल्या मुलाने पाकीट उघडून टोकने मोजली आणि ती दोन कमी आहेत असे सांगितले. मी माझी नोंदवही काढली, तिच्याप्रमाणे हिशेब बरोबर होता. मग त्याने त्याची वही आणि सगळ्या पावत्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या आणि आम्ही दोघे एकेक ओळ वाचत गेलो. फरक ५ जुलैच्या ओळीत सापडला. उशिरा दिलेल्या ठेवीच्या व्याजातली दोन टोकने मी त्याला कमी दिली होती आणि ती त्याच्या खालच्या नावापुढे लिहिली होती. त्या दिवशी त्याच्याकडे पावती नव्हती, पण ‘आले’च्या रकान्यात त्याने मिळालेला आकडा आणि कंसात मिळायला हवा होता तो आकडा, असे दोन्ही लिहून ठेवले होते. मी नोंद दुरुस्त केली, दोन टोकने दिली आणि उशिराचे एक टोकन दंड म्हणून वर ठेवले. त्याने दुरुस्तीपुढे सही केली, ९९ टोकने मोजून फळीजवळ ठेवली आणि भिंग उचलून सर्वांत आधी त्यातून आपल्या वहीचे ते पान पाहिले.